शॉन कॅस्टन: बॉयलर-टर्बाइनच्या धंद्यातून अमेरिकी प्रतिनिधिगृहात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचं ऊर्जाधोरण हा विषय निघाला की इलिनॉयच्या सहाव्या मतदारसंघाचे प्रतिनिधी शॉन कॅस्टन यांच्याबद्दल हमखास विचारणा होते. विचारणाऱ्यांत साखर कारखान्यांत आणि वीज केंद्रांत काम करणारे अभियंते बरेच असतात. आपल्याच धंद्यातला माणूस संसदेत जाऊन काय करतो, याचं त्यांना कुतूहल असतं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न वेगळे असतात. दोन्हींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शॉन कॅस्टन कोण आहेत? ते खासदार आहेत की सिनेटर?

आपल्या भाषेत सांगायचं तर खासदार, तेही लोकसभेसारख्या सभागृहाचे. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं आहेत: १०० सदस्यांचं सिनेट आणि ४३५ सदस्यांचं प्रतिनिधिगृह. कॅस्टन डेमोक्रॅटिक पक्षाचे असून ३ जानेवारी २०१९ पासून प्रतिनिधिगृहात आहेत. २०१८, २०२०, २०२२ आणि २०२४ अशा सलग चार निवडणुका ते जिंकले. प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची असते. त्यामुळे तिथला सदस्य निवडून आल्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागलेला असतो. कुठल्याही लांब पल्ल्याच्या धोरणावर काम करणाऱ्याला ही मुदत फार तोकडी पडते, आणि ऊर्जेइतका लांब पल्ला क्वचितच दुसऱ्या विषयाला असतो.

२. त्यांचं शिक्षण काय? ते इंजिनिअर आहेत की शास्त्रज्ञ?

दोन्ही. मिडलबरी कॉलेजातून १९९३ मध्ये रेण्वीय जीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्रात पदवी घेतल्यावर त्यांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाचं काम केलं. मग डार्टमथच्या थेअर अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन १९९८ मध्ये अभियांत्रिकी व्यवस्थापन आणि जैवरासायनिक अभियांत्रिकी अशा दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. त्यानंतर आर्थर डी. लिटल या जुन्या सल्लागार कंपनीत ऊर्जेच्या विषयावर काही काळ नोकरी केली. खरा धंदा तिथून पुढे सुरू झाला.

३. ‘ऊर्जा उद्योगातून आलेले’ असं सगळे म्हणतात, पण नेमका धंदा काय होता? सोलर? तेल?

यांपैकी काहीच नाही. त्यांचा धंदा वाया जाणाऱ्या उष्णतेचा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांचं पुढचं सगळं राजकारण इथूनच निघतं.

कोळसा किंवा वायू जाळून नुसती वीज बनवणारं केंद्र घ्या. अमेरिकेतल्या अशा केंद्रांची सरासरी पाहिली तर इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन-तृतीयांश कूलिंग टॉवरमधून आणि धुराड्यातून बाहेर पडते. तेच केंद्र एखाद्या कारखान्याला लागून असेल आणि तीच उष्णता तिथे वाफ म्हणून वापरली, तर इंधनाचा उपयोग ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. कल्पना नवी नाही. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर पहिलं वीज केंद्र सुरू केलं, तेव्हाही वीज आणि उष्णता दोन्ही विकण्याचाच विचार होता. पुढे केंद्रं मोठी झाली, शहरापासून दूर गेली आणि उष्णतेला गिऱ्हाईक उरलं नाही.

२००० साली कॅस्टन मॅसॅच्युसेट्समधल्या टर्बोस्टीम या छोट्या कंपनीचे प्रमुख झाले. ही कंपनी बॅकप्रेशर टर्बाइन बसवून देत असे. अनेक कारखान्यांत बॉयलरची वाफ जास्त दाबाने निघते, पण प्रक्रियेला कमी दाबाची लागते. दाब उतरवायला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, लावलेला असतो. त्या व्हॉल्व्हमध्ये दाब नुसता मारला जातो, हाती काही लागत नाही. व्हॉल्व्हच्या जागी टर्बाइन बसवलं की दाब उतरता उतरता वीज होते आणि खालच्या बाजूला कारखान्याला हवी तशी वाफ मिळतेच. पुढची सहा-सात वर्षं त्यांनी हेच काम केलं. त्यानंतरच्या कंपनीबद्दल प्रश्न ५ पाहा.

४. हे तर आपल्या साखर कारखान्यातल्या को-जनसारखंच (सहवीजनिर्मितीसारखंच) झालं! की काही फरक आहे?

तत्त्व अगदी एकच. उसाचं बगॅस, म्हणजे चिपाड, जाळायचं, जास्त दाबाची वाफ करायची, ती टर्बाइनवर घालून वीज काढायची आणि बाहेर पडणाऱ्या वाफेवर रस तापवायचा, आटवायचा. कोल्हापूर-सांगलीकडचा कुठलाही टर्बाइन ऑपरेटर टर्बोस्टीमचं काम दोन मिनिटांत समजून घेईल.

फरक आहे तो भोवतालच्या नियमांत. आपल्याकडे साखर कारखान्याची वीज नवीकरणीय धरली जाते, ती घेण्यासाठी महावितरणशी करार होतात आणि दर विद्युत नियामक आयोगासमोर ठरतो. दरावरून वाद होतात, पण दार उघडं आहे. अमेरिकेत १९७८ च्या पर्पा कायद्याने स्थानिक वीज कंपन्यांना पात्र सहवीज प्रकल्पांची वीज विकत घ्यायला भाग पाडलं. तोवर ही दारं जवळजवळ बंदच होती. त्यानंतरही अडचणी राहिल्या. बहुतेक राज्यांत कारखान्याने स्वतःची वीज रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला स्वतःची तार टाकून द्यायची म्हटलं तर ते चालत नाही, कारण तो हक्क स्थानिक वीज कंपनीचा. शिवाय वीज कंपनीचा नफा तिने केलेल्या भांडवली खर्चावर ठरतो. कमी इंधनात जास्त काम काढून दाखवलं म्हणून तिला जास्त पैसे मिळत नाहीत.

कॅस्टन गेली वीस वर्षं जे मांडत आले आहेत त्याचा गाभा हाच. यंत्र तयार आहे, हिशेब फायद्याचा आहे, आणि तरी काम होत नाही, कारण नियम जुन्या पद्धतीला पैसे देतात. मला स्वतःला हा मुद्दा त्यांच्या कुठल्याही भाषणाहून मोलाचा वाटतो. धंद्यात हात घातल्याशिवाय तो इतक्या स्पष्टपणे दिसत नाही.

५. रिसायकल्ड एनर्जी डेव्हलपमेंट ही कंपनी त्यांचीच का?

हो. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी ती वडील थॉमस कॅस्टन यांच्यासोबत काढली. वडील या क्षेत्रातले जुने जाणते. ट्रायजेन नावाची सहवीज कंपनी त्यांनी १९८६ मध्येच उभी केली होती. नव्या कंपनीचं कार्यालय शिकागोजवळ वेस्टमाँटला होतं. टर्बोस्टीम उपकरण बसवून मोकळी होत असे. नवी कंपनी स्वतः पैसे घालून कारखान्याचा वीज-वाफ विभाग उभा करायची किंवा विकत घ्यायची आणि मग कारखान्याला वीज आणि वाफ विकायची. कारखान्याच्या मालकाला भांडवल घालावं लागत नाही, ही त्यातली खुबी. त्यांचं सर्वांत ठळक काम म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे कोडॅकच्या प्रचंड औद्योगिक वसाहतीचा वीज-वाफ प्रकल्प, जो त्यांनी २०१३ मध्ये घेतला. कॅस्टन राजकारणात उतरले त्याआधीच ही कंपनी विकली गेली होती. अमेरिकेच्या सहवीज उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं होतं.

६. पण असे प्रकल्प नैसर्गिक वायूवरही चालतात. मग त्यांना ‘स्वच्छ ऊर्जेचे उद्योजक’ म्हणणं बरोबर आहे का?

रास्त प्रश्न आहे. कॅस्टन यांनी सौरपार्क किंवा पवनचक्क्या उभारल्या नाहीत. धुराड्यातली उष्णता पकडून वीज केली, तर त्या विजेसाठी जादा इंधन जळत नाही. तिला स्वच्छ म्हणायला कुणाची हरकत नसावी. वायूवरची सहवीज मात्र स्वच्छ नसते. ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी घाण असते, इतकंच. रॉचेस्टरचा प्रकल्प कोळशावर होता, नंतरच्या काळात तिथे वायू आला. त्याने प्रदूषण बरंच घटलं, संपलं नाही.

माझं मत विचाराल तर ‘ऊर्जा-कार्यक्षमतेचे उद्योजक’ हे वर्णन जास्त बरोबर. निवडणुकीच्या पत्रकावर ते चांगलं दिसत नाही, म्हणून ‘स्वच्छ ऊर्जा’ रूढ झालं.

७. राजकारणाची काही पार्श्वभूमी नसताना त्यांना तिकीट कसं मिळालं? पक्षाने दिलं का?

तिकडे दिल्लीतून यादी येत नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या मतदारसंघातले मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. ठरावीक सह्या गोळा केल्या की कुणीही उभं राहू शकतं. मार्च २०१८ च्या प्राथमिक निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडून सात जण उभे होते. कॅस्टन यांना ३० टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तेवढ्यावर ते पुढे गेले, कारण इलिनॉयमध्ये ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. निम्मी मतं मिळवावी लागत नाहीत.

पैशांचा प्रश्न मात्र खराच आहे. स्वतःच्या खिशातून किंवा ओळखीतून सुरुवातीचा खर्च उभा करू शकणाऱ्यालाच ही दारं सहज उघडतात. कॅस्टन धंदा करून आले होते, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.

८. २०१८ चा त्यांचा विजय इतका गाजला का?

कारण मतदारसंघ रिपब्लिकनांचा बालेकिल्ला होता. १९७५ ते २००७ हेन्री हाइड आणि त्यानंतर पीटर रॉस्कम असे दोघेच रिपब्लिकन तिथून येत राहिले. रॉस्कम साधे सदस्य नव्हते. करविषयक उपसमितीचे अध्यक्ष म्हणून २०१७ च्या करकायद्यात त्यांचा मोठा हात होता. पण त्याच कायद्याने राज्य आणि स्थानिक करांची वजावट १० हजार डॉलरवर आणून ठेवली. ड्यूपेज काउंटीसारख्या भागात (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), जिथे घरपट्टी जबर आहे, ते लोकांच्या थेट खिशाला लागलं.

वारं आधीच फिरायला लागलं होतं. २०१६ मध्ये याच मतदारसंघात राष्ट्राध्यक्षपदासाठी हिलरी क्लिंटन यांना ७ टक्के आघाडी होती, तरी रॉस्कम आरामात जिंकले होते. २०१८ मध्ये कॅस्टन यांना ५३.६ टक्के आणि रॉस्कम यांना ४६.४ टक्के मतं मिळाली. त्याच वर्षी विज्ञान-अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेले बरेच नवे सदस्य निवडून आले. शेजारच्या चौदाव्या मतदारसंघातून परिचारिका असलेल्या लॉरेन अंडरवुड आल्या. अकराव्या मतदारसंघाचे बिल फॉस्टर तर फर्मिलॅब या प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ, ते आधीपासूनच होते. शिकागोच्या या पट्ट्यात विज्ञानाची माणसं इतकी जवळजवळ निवडून येतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

९. २०२२ मध्ये त्यांना स्वतःच्याच पक्षाच्या खासदाराविरुद्ध का लढावं लागलं?

२०२० च्या जनगणनेनंतर इलिनॉयच्या जागा १८ वरून १७ झाल्या. आपल्याकडे मतदारसंघांची फेररचना स्वतंत्र आयोग करतो, इलिनॉयमध्ये ती राज्याचं विधिमंडळ करतं. नव्या नकाशात कॅस्टन आणि तिसऱ्या मतदारसंघाच्या मेरी न्यूमन एकाच जागी आले. नव्या सहाव्या मतदारसंघात न्यूमन यांच्या जुन्या भागातले मतदार उलट जास्त होते. न्यूमन पक्षाच्या डाव्या गटाच्या, कॅस्टन मध्यममार्गी न्यू डेमोक्रॅट गटाचे. न्यूमन यांच्याविरुद्ध त्या वेळी नीतिविषयक चौकशीही चालू होती. २८ जून २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत कॅस्टन यांना सुमारे दोन-तृतीयांश मतं पडली.

या मतदानाच्या पंधरा दिवस आधी त्यांची १७ वर्षांची मुलगी अचानक वारली. दोन्ही बाजूंनी प्रचार थांबवला. त्यापलीकडे लिहावं असं मला वाटत नाही. त्या घरातली ती गोष्ट आहे.

नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत त्यांनी रिपब्लिकन उमेदवार, ऑरलंड पार्क या गावचे महापौर कीथ पेकाऊ यांना हरवलं.

१०. ऊर्जेचा एवढा जाणकार माणूस अर्थसेवा समितीत का? ऊर्जेची समिती वेगळी असते ना?

असते. ऊर्जा आणि वाणिज्य समिती ही प्रतिनिधिगृहातली सर्वांत वजनदार समित्यांपैकी एक, आणि तिथे जागा मिळवायला ज्येष्ठांचीही रांग असते. कॅस्टन पहिल्याच खेपेला अर्थसेवा समितीत आणि विज्ञान समितीत गेले. २०१९ ते २०२३ या काळात हवामान संकटावर जी विशेष समिती होती, तिचेही ते सदस्य होते.

अर्थसेवा समिती म्हणजे दुय्यम जागा असं समजू नका. बँका, विमा आणि शेअर बाजाराची नियामक संस्था (आपल्या सेबीसारखं तिकडचं सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन) तिच्या कक्षेत येतात. नवं वीज केंद्र उभं राहणार की नाही, हे शेवटी कर्ज कोण आणि किती दराने देतो यावर ठरतं. ज्याने स्वतः प्रकल्पांसाठी पैसा उभा केला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. कंपन्यांनी हवामानबदलाचा आपल्या धंद्याला असलेला धोका गुंतवणूकदारांसमोर मांडावा, हे त्यांचं विधेयक याच समितीतून आलं. त्याचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

११. त्यांनी आणलेली किती विधेयकं कायदा झाली? की नुसतीच भाषणं?

‘शॉन कॅस्टन यांचा कायदा’ अशा स्वतंत्र नावाने ओळखलं जाणारं मोठं काही नाही. पण तिकडे बहुतेक विधेयकं एकटी मंजूर होत नाहीत. मोठ्या गठ्ठा-कायद्यात घुसवून पुढे जातात. कॅस्टन यांचं सर्वांत पक्कं काम असंच आहे. पोलाद, सिमेंट, रसायनं या उद्योगांतलं कार्बन-उत्सर्जन कमी करण्याच्या संशोधनाला बळ देणारं विधेयक त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाचे रिपब्लिकन डेव्हिड मॅकिन्ली यांच्यासोबत आणलं. ते २०२० च्या ऊर्जा कायद्यात सामील झालं आणि २७ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची त्यावर सही झाली. कोळशाच्या राज्यातला रिपब्लिकन आणि शिकागोचा डेमोक्रॅट एकत्र येतात, कारण कारखान्यातली भट्टी कशी चालते हा दोघांच्याही मतदारांच्या पोटापाण्याचा विषय आहे.

हवामान-धोका जाहीर करण्याच्या विधेयकाची गोष्ट वेगळी. सिनेटमध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी तसंच विधेयक मांडलं होतं. १६ जून २०२१ रोजी प्रतिनिधिगृहात ते एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून २१५ विरुद्ध २१४ असं एका मताने पार पडलं. सिनेटमध्ये ते अडकलं. मार्च २०२४ मध्ये शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने (प्रश्न १०) स्वतःच्या अधिकारात त्याच धर्तीचा, पण सौम्य नियम आणला. महिन्याभरात न्यायालयीन आव्हानांमुळे तो स्थगित केला. आणि मार्च २०२५ मध्ये, सरकार बदलल्यावर, न्यायालयात त्याचा बचाव करणंच सोडून दिलं. कायदा आणि नियम यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसायचा!

१२. ते सारखे ‘फर्क’बद्दल बोलतात. ती काय संस्था आहे आणि तिच्यामागे ते एवढे का लागले आहेत?

फर्क म्हणजे तिकडचा संघीय ऊर्जा नियामक आयोग. पाच सदस्य, एका पक्षाचे तीनहून जास्त नाहीत. राज्याराज्यांतला घाऊक वीजव्यापार, आंतरराज्य पारेषणाचे दर आणि आंतरराज्य वायू-वाहिन्या यांचं नियमन तो करतो. आपल्या केंद्रीय विद्युत नियामक आयोगाची आठवण होईल, पण वायूचं काम आपल्याकडे वेगळ्या मंडळाकडे आहे.

या आयोगाचं नाव सामान्य अमेरिकनाने ऐकलेलंही नसतं. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅस्टन यांनी सभागृहात उभं राहून ‘हॉट फर्क समर’ अशी घोषणाच दिली, तरुणांत गाजलेल्या एका गाण्याच्या धर्तीवर. थट्टा झाली, पण एका रूक्ष आयोगावर महिनाभर चर्चाही झाली, आणि त्यांना तेच हवं होतं.

मुद्दा असा आहे. वायूची वाहिनी दोन-तीन राज्यांतून न्यायची असेल तर १९३८ च्या नैसर्गिक वायू कायद्याखाली फर्ककडून परवाना मिळतो, आणि १९४७ च्या दुरुस्तीमुळे त्या परवान्यासोबत भूसंपादनाचा अधिकारही मिळतो. एक खिडकी, एक निर्णय. उच्चदाबाची वीजवाहिनी त्याच तीन राज्यांतून न्यायची असेल तर प्रत्येक राज्याच्या आयोगापुढे वेगळं उभं राहावं लागतं. वाटेतल्या एका राज्याने नाही म्हटलं की काम ठप्प. कॅन्सासची पवनऊर्जा पूर्वेकडे आणणारी ग्रेन बेल्ट एक्स्प्रेस ही वाहिनी पाहा. २०१० च्या सुमारास तिचा प्रस्ताव आला. मिसुरीच्या आयोगाने २०१५ आणि २०१७ असं दोनदा नाकारलं, २०१९ मध्ये मान्य केलं. २०२४ मध्ये इलिनॉयमध्ये, म्हणजे कॅस्टन यांच्याच राज्यात, न्यायालयाने तिची मंजुरी रद्द केली. वारा कॅन्सासमध्ये वाहतोच आहे.

२००५ च्या कायद्याने फर्कला काही मोजक्या पट्ट्यांत राज्यांवर मात करण्याचा अधिकार दिला होता. २००९ मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ इतका आकसून लावला की तो निरुपयोगी झाला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तो दुरुस्त केला. कॅस्टन आणि कॅलिफोर्नियाचे माइक लेव्हिन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडलेलं विधेयक याच्या बरंच पुढे जातं: आंतरप्रादेशिक वाहिन्यांचं नियोजन सक्तीचं, परवान्यात फर्कची मोठी भूमिका, खर्चवाटपाचे स्पष्ट नियम. ते मंजूर झालेलं नाही.

राज्यांच्या हक्कांचा मुद्दा उभा करणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नाही. ज्या शेतकऱ्याच्या रानातून मनोरे जातात त्याला त्या विजेचा फायदा नसतो. टॉवरलाइनच्या मोबदल्यासाठी आपल्याकडे झालेली आंदोलनं आठवली की मिसुरीच्या शेतकऱ्यांची तक्रार परकी वाटत नाही. तरीही वायूला एक न्याय आणि विजेला दुसरा, याचं समर्थन मला करता येत नाही.

१३. ऊर्जेचा माणूस सिनेट आणि सर्वोच्च न्यायालय बदलायच्या गोष्टी का करतो?

२०२२ मध्ये त्यांनी सिनेटमध्ये साऱ्या देशातून निवडून येणाऱ्या १२ जागा वाढवाव्यात अशी घटनादुरुस्ती मांडली. प्रतिनिधिगृहाची सदस्यसंख्या वाढवण्याचा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत बदल करण्याचा प्रस्तावही त्यासोबत होता.

याचा धागा ऊर्जेशीच जुळतो. ते पुन्हा पुन्हा सांगतात की स्वस्त, स्वच्छ विजेकडे जाणं म्हणजे इंधन विकणाऱ्यांच्या खिशातून इंधन वापरणाऱ्यांच्या खिशात पैसा जाणं. वापरणारे संख्येने कितीतरी जास्त. पण कोळसा-तेलाच्या वायोमिंगची लोकसंख्या २०२० मध्ये होती ५ लाख ७७ हजार, कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाख, आणि सिनेटर दोघांचेही दोन-दोन. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. नजीकच्या काळात हे होणार नाही, पण दुखणं कुठे आहे ते त्यांनी नीट सांगितलं आहे असं मला वाटतं.

१४. ज्या उद्योगातून आले त्याच उद्योगाचे कायदे करतात. हितसंबंधांचं काय?

नियम असे आहेत: दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यायचं, आणि २०१२ च्या स्टॉक कायद्यानुसार १ हजार डॉलरहून मोठा शेअर-व्यवहार जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करायचा. बाहेरच्या कमाईवर मर्यादा आहे. पण पूर्वी ज्या धंद्यात होतो त्या विषयावर मत देऊ नये, असं बंधन नाही. डॉक्टर आरोग्यावर मत देतात, शेतकरी शेतीवर. कॅस्टन यांची कंपनी आधीच विकली गेली होती (प्रश्न ५), तेव्हा थेट मालकीचा प्रश्न उरत नाही. सवयीने तयार झालेला कल उरतोच. कार्यक्षमतेला ते झुकतं माप देतात, हे मान्य करूनच त्यांचं ऐकावं.

१५. ऊर्जा क्षेत्रातून काँग्रेसमध्ये गेलेले ते एकटेच आहेत का?

नाही, आणि बहुतेक जण तेल-वायूकडून आलेले, रिपब्लिकन. टेक्ससचे बिल फ्लोरेस तेल-वायू कंपनीचे प्रमुख होते. ते २०११ ते २०२१ सदस्य होते. टेक्ससचेच जो बार्टन तेल उद्योगातून आले, ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे अध्यक्ष झाले. २००५ चा ऊर्जा कायदा त्यांच्या कारकिर्दीतला. २०१५ मध्ये कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची चाळीस वर्षांची बंदी उठली, त्यातही ते पुढे होते. उद्योगाचं ज्ञान माणसाला एकाच दिशेला नेतं असं नाही, हे या दोन टोकांवरून कळतं.

१६. कॅस्टन यांचा जन्म आयर्लंडचा. मग ते सदस्य कसे? आणि राष्ट्राध्यक्ष होऊ शकतात का?

ते १९७१ मध्ये डब्लिनला जन्मले, पण आईवडील अमेरिकन, म्हणून जन्मापासून अमेरिकी नागरिक. वाढले न्यूयॉर्क राज्यात. प्रतिनिधिगृहासाठी वय २५, नागरिकत्वाची ७ वर्षं आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य एवढंच लागतं. मतदारसंघातच राहावं अशी अट घटनेत नाही.

राष्ट्राध्यक्ष ‘जन्मजात नागरिक’ असावा लागतो. परदेशात अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेले त्यात येतात, असा सर्वसाधारण समज आहे. कॅनडात अमेरिकन आईच्या पोटी जन्मलेले टेड क्रूझ याच आधारावर २०१६ मध्ये रिंगणात उतरले होते. सर्वोच्च न्यायालयाने यावर थेट निकाल मात्र दिलेला नाही.

श्री ठाणेदार यांच्याबद्दलही याच ओघात विचारलं जातं. बेळगावात वाढलेले हे मराठी भाषक रसायनशास्त्रज्ञ-उद्योजक २०२३ पासून मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत, म्हणजे कॅस्टन यांच्याच सभागृहात आणि पक्षात. त्यांनी नागरिकत्व नंतर घेतलं, म्हणून ते प्रतिनिधी किंवा सिनेटर होऊ शकतात, राष्ट्राध्यक्ष नाही.

१७. मी एच-१बी वर आहे, ड्यूपेजमध्ये राहतो. त्यांच्या कार्यालयाकडून मदत मागता येते का? प्रचाराला पैसे देता येतात का?

मदत मागता येते. व्हिसा, पासपोर्ट, आयकर परतावा असं काहीही संघीय खात्यात अडकलं असेल, तर प्रतिनिधीचं कार्यालय त्याची चौकशी करतं. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, मतदारसंघातला पत्ता लागतो. तुमच्या वतीने माहिती मागवायला लेखी संमतीचा अर्ज भरून द्यावा लागतो. कार्यालय खात्याला विचारू शकतं, घाई करायला सांगू शकतं; निर्णय फिरवू शकत नाही.

आधी मतदारसंघ तपासा. ड्यूपेज काउंटी एकाहून अधिक मतदारसंघांत वाटली गेली आहे. नेपरव्हिलसारखं एकच गावही विभागलेलं आहे, त्यामुळे शेजारच्याचा प्रतिनिधी तोच तुमचा असेल असं नाही. प्रतिनिधिगृहाच्या अधिकृत संकेतस्थळावर झिप कोड आणि पूर्ण पत्ता घातला की नाव मिळतं.

पैशांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी कुठल्याही उमेदवाराला देणगी द्यायला संघीय कायद्याने बंदी आहे, रक्कम पाच डॉलर असली तरी. स्वयंसेवक म्हणून विनामोबदला काम करायला निवडणूक कायद्याची आड नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, पण मत नागरिक झाल्यावरच देता येतं.